कुंकू लागलेली तिकिटं

रिटायर झाला की माणूस सुटला, असं आमच्या मिलमधले लोक म्हणायचे. कुठचा सुटतो, बापा! प्लांटची ड्यूटी संपली अन् क्वार्टर खाली करायची ड्यूटी लागली. भिलाईच्या सेक्टर २ मधलं आमचं क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण त्यातून जे सामान निघून राहिलं होतं ते पाहून मले वाटे, इथं आम्ही राहत होतो का सामान राहत होतं? रोज एक खोका भरायचा, रोज बायकोसंगं एक भांडण करायचं, अन् गुडघ्याले बाम चोळून आडवं व्हायचं. असे दिवस चालले होते.

त्यातच पलंगाच्या पेटीतून बाबाचा तिकिटांचा अल्बम निघाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना, तसं झालं.

तिकिटं म्हणजे पोस्टाची. बाबा आमच्याच स्टील प्लांटच्या डाक सेक्शनमध्ये बाबू होते. त्या काळात प्लांटमध्ये रशियन साहेब होते, त्याहिच्या घरून चिठ्ठ्या यायच्या. मशिनांच्या कंपन्यांची पाकिटं जर्मनीहून, पोलंडहून, कुठून कुठून यायची. पाकीट फेकायच्या आधी लोक बाबाले द्यायचे. बाबा सुटीच्या दिवशी परातीत कोमट पाणी घेऊन त्या पाकिटांचे तुकडे भिजत घालायचे. तिकीट सुटलं की पेपरावर उलटं टाकून वाळवायचे, मंग अल्बममध्ये जागा पाहून लावायचे. आई म्हणे, रविवारी माह्या परातीत कणीक कमी अन् कागदच जास्त भिजते. तरी तिनं परात कधी हिसकून घेतली नाही.

आता त्या जाड, फुगलेल्या अल्बमकडे पाहून बायकोनं सांगून टाकलं की कोहक्याले, बाबानं बांधलेल्या घरी, हे येणार नाही. कोहक्याचं आमचं घर लहान आहे, तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "पापा, ऑनलाइन डाल दो ना." आमच्या पोराले मराठी समजते सगळी, पण तोंडातून हिंदीच निघते. ऑनलाइन काय डालू? कोणतं तिकीट कोण्या देशाचं आहे हेही मले वाचता येत नव्हतं. जन्मभर मिलमध्ये रेल्वेचे रूळ तपासले मी. रुळाले चीर गेली असली त हात फिरवून सांगतो, पण तिकिटातलं मले ओ की ठो कळत नाही. खरं सांगतो, माही चीज असती त मी सरळ कबाडीवाल्याच्या ठेल्यावर ठेवून मोकळा झालो असतो.

पण ती माही नव्हती. ती ताईची होती.

ताई माह्याहून तीन वर्षांनी मोठी. ती लहान असल्यापासून बाबा चारचौघांत सांगायचे, हे तिकिटं पोरीच्या शिक्षणाचे आहेत, वेळ आली की विकीन. ताईनं ते मनात पक्कं धरलं होतं. बारावीत तिले चांगले मार्क पडले. नागपूरले होस्टेलमध्ये राहून फार्मसी शिकायचं, असं तिचं ठरलं होतं. कोण्या कॉलेजात कोणती मैत्रीण जाणार, तेही तिले पाठ होतं. अन् बाबा एक दिवस जेवता जेवता म्हणाले, जमत नाही. बस, एवढंच म्हणाले. ताईनं विचारलं, तिकिटं? बाबा म्हणाले, ते विकायचे नाहीत. त्याच वर्षी बाबानं कोहक्याच्या घरावर स्लॅब टाकला.

मंग ताईनं हिशेब लावला तो लावलाच. बाबाले पोरीपेक्षा तिकिटं प्यारी अन् तिकिटांपेक्षा घर प्यारं. ती इथंच बी.ए. झाली, अन् नागपूरले गेली ते लग्न होऊन गेली. जायच्या आधी आईले म्हणाली, त्या कोहक्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही. आमाले वाटलं, रागाचं बोलणं आहे, निवळेल. नाही निवळलं. वास्तूच्या पूजेले ती आली नाही. पुढं त्या घरात सदा किरायदारच राहिले, अन् बाबाचं क्वार्टर सुटलं तेव्हा मले माहं मिळालं होतं, म्हणून आईबाबा माह्यापाशी आले. ताई दिवाळीले यायची, दोन दिवस राहायची, आईच्या डोक्याले तेल लावून द्यायची. बाबासंगं बोलायची ते 'जेवले का' अन् 'औषध घेतलं का' एवढंच. बाबा भी 'हो' म्हणायचे. असं बोलत बोलत ते गेले.

आता आम्ही कोहक्याले चाललो होतो. आईचं वय झालेलं, तिचा दम लागतो, नागपूरचा प्रवास तिले आता झेपत नाही. म्हणजे ताई कोहक्याले आली नाही त या दोघींची भेट संपली. आई तसं बोलून दाखवत नव्हती. फक्त संध्याकाळी खोके पाहत बसे अन् मले विचारे, "ती येईल का रे तिथं?" एकदा विचारलं त ठीक आहे, रोज विचारलं की माणसाचा जीव कावतो. शेवटी मी ताईले फोन लावला. ताई म्हणाली, तिकिटं माही आहेत, ते विक, पैसे माह्या हातात दे, मंग पाहू. तिले पैशाची गरज नाही, चांगलं खातंपितं घर आहे. तिले तेच पाहिजे होतं जे बाबानं केलं नाही. मले ते समजलं, म्हणून मी हो म्हटलं.

विकायचं म्हटलं, पण कुठं? आधी मी अल्बम घेऊन पोस्टात गेलो. हसू नका, पोस्टाच्या तिकिटाचं पोस्टाले विचारावं, एवढीच अक्कल मले सुचली. तिथल्या पोरीनं बिचारीनं नीट पाहिलं अन् सांगितलं, अंकल, या तिकिटांवर शिक्के पडलेले आहेत, हे आता चिठ्ठीले चालत नाहीत. मी म्हटलं, बाई, मले चिठ्ठी टाकायची नाही. मांगं लाइन लागली होती, तिनं मले बाजूले बसवलं अन् मी थोडा वेळ बसून घरी आलो.

मंग सुपेल्यातल्या एका जुन्या सामानवाल्याले दाखवला. त्यानं अल्बम हातात तोलला अन् म्हटलं, जिल्द अच्छी है, म्हणजे नुसता बाहेरचा पुठ्ठा. मी त्याच्या हातातून ओढून घेतला. स्कूटरवर बसल्यावर मलेच कळेना की मले राग कावून आला. कबाडीले द्यायचा म्हणणारा मीच होतो.

तिसरे भेटले ते आमच्या प्लांटचेच एक रिटायर साहेब. सकाळी फिरायले येतात. त्याहिनं अल्बम उघडला भी नाही, नुसतं ऐकलं, अन् चालता चालता सांगून टाकलं की रशियाची जुनी तिकिटं म्हणजे सोनं आहे, परदेशात एकेका तिकिटावर लोकांनी बंगले बांधले. साहेब माणूस बोलला म्हणजे आपल्याले खरंच वाटते. आयुष्यभराची सवय. घरी येऊन मी बायकोले सांगितलं. जी बाई आदल्या दिवशी अल्बम बाहेर फेकाले निघाली होती, तिनं तो आपल्या जुन्या रेशमी साडीत गुंडाळून कपाटात ठेवला अन् किल्ली कमरेले लावली. अन् मी? मी ताईले फोन करून बसलो. म्हटलं, ताई, बहुत किंमत येईल म्हणते. मंग ताई म्हणाली, "मले माहीत होतं." एवढ्या वर्षांनी तिचा आवाज मले मोकळा वाटला.

आता रायपूरले जाणं भागच होतं. तिथं एका जुन्या बाजारात नाणी, जुन्या नोटा, तिकिटं असं घेणारा एक दुकानदार आहे, असा पत्ता कोणीतरी दिला. पॉवर हाऊस स्टेशनवरून सकाळची मेमू लोकल पकडली, रेशमी साडीतलं बोचकं मांडीवर घेऊन बसलो. बाजूच्या बाईनं विचारलं, लग्नाले चालले का? मी हो म्हटलं. कोणाकोणाले काय सांगत बसू?

दुकान अरुंद होतं. दुकानदाराचा चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं चिमटा घेतला अन् पानं उलटत गेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसलो, जसं दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट वाचते तेव्हा पाहतो. एका पानावर तो थांबला, पुढं गेला, पुन्हा मांगं आला. मंग चष्मा डोळ्यावर चढवून त्यानं विचारलं, "भैया, ये टीका किसने लगाया?"

मी वाकून पाहिलं. एका मोठ्या, निळ्या तिकिटाच्या बरोबर मधात कुंकवाचा डाग होता. कडेनं हळदीचा पिवळा. पुढच्या पानावर आणखी एक. तांदळाचा दाणा कधीचा गळून गेला होता, पण जिथं चिकटला होता तिथं बारीक पांढरी खूण होती.

मले क्षणभरात आठवलं सगळं. दसऱ्याची पूजा!

दसऱ्याले आमच्याकडे हत्यारांची, पुस्तकांची पूजा होते. शेजारचे फिटर काका पान्हे अन् हातोडी पाटावर मांडायचे, आई शिलाईची मशीन पुसून ठेवायची, मी कंपासपेटी ठेवायचो. बाबूचं हत्यार म्हणजे पेन. पण बाबा पेन नाही ठेवायचे, अल्बम ठेवायचे. झेंडूचं फूल, आपट्याचं पान, अन् मधात उघडा अल्बम. अन् पूजा करायची ताईनं. पोरीच्या हातानं लक्ष्मी येते, असं बाबाचं म्हणणं. वर्षभर ते साहेब लोकांले विचारून ठेवायचे की यातलं कोणतं भारी आहे, कोणतं सहज मिळत नाही. दसऱ्याले ताईसमोर तेवढी पानं उघडायचे अन् म्हणायचे, यंदा मान कोणाले? ताई बहुत वेळ लावायची. मंग एक तिकीट निवडून त्याच्यावर ओलं कुंकू लावायची, वरून हळद, वरून अक्षता. बाबा हात जोडायचे. दरवर्षी नवं तिकीट, कारण सगळ्याले मान मिळाला पाहिजे.

मी दुकानदाराले म्हटलं, दसऱ्याच्या पूजेत लावला. तो म्हणाला, टिकट की पूजा? मी मान हलवली. त्यानं पूर्ण अल्बम शेवटपर्यंत पाहिला अन् बंद केला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, माणूस उलट नाराजच झाला होता. म्हणाला, "देखिए, जो सादे हैं वो तो सबके पास हैं. और जो लेने लायक थे, उन सब पर टीका है. जैसे चुन-चुन के लगाया हो."

चुन-चुनकेच लावले होते ना, बापा.

मी विचारलं, पुसून निघणार नाही का? त्यानं सांगितलं की कागदात मुरलेलं कुंकू निघत नाही, चोळलं त तिकीटच जाईल. सादी तिकिटं त्यानं ठेवून घेतली. त्याचं जे दिलं ते सांगायची लाज वाटते; आमचं दोन दिवसांचं किराणा सामान येईल एवढं. कुंकवाची तिकिटं त्यानं चिमट्यानं काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत भरली अन् माह्यापुढं सरकवली. रिकामा अल्बम भी परत दिला. मी तो तिथंच सोडून आलो, अन् बायकोची रेशमी साडी घडी करून काखेत मारली.

परतीच्या गाडीत मले आधी हसू आलं, मंग बाबाचा राग आला. एवढा शिकलेला माणूस, डाक सेक्शनचा बाबू, कागदाले ओलं कुंकू लावते? अन् लावायचंच त कव्हरले लावायचं ना! पण राग तरी कोणावर धरू? आपलेच दात अन् आपलेच ओठ. ताईले काय सांगू, हा खरा प्रश्न होता. पैसे एवढेच आले सांगितलं त ती म्हणेल, तूच त म्हणाला होता बहुत किंमत येईल, मधले कुठं गेले? अन् खरं सांगितलं त कसं सांगू, की ताई, बाबानं नाही, कोहक्याच्या घरानं नाही, तुह्या फार्मसीवर तूच आपल्या बोटानं कुंकू लावत गेली? म्हाताऱ्या बहिणीले हे कोण्या तोंडानं सांगायचं?

भिलाई यायच्या थोडं आधी मले एक दसरा आठवला. ताईची बारावी झाली होती त्या वर्षीचा. बाबा अन् ताई तेव्हा एकमेकांसंगं बोलत नव्हते, तरी आईनं ताईले पूजेले बसवलं होतं. तिनं बोट कुंकवात बुडवलं अन् बाबा म्हणाले, यंदा कुंकू नको, फूल ठेव फक्त. अल्बम उघडला भी नाही, बंदच ठेवला. ताईचं बोट तसंच ओलं. तिनं रागानं ते माह्या कपाळाले पुसलं अन् उठून गेली. आमी समजलो, तिकिटाले हात लावू देत नाही आता, एवढी प्यारी झाली. त्यानंतर अल्बम दसऱ्याले कधीच उघडला नाही, त्याच्यावर फूल ठेवायचे फक्त.

कावून उघडला नाही?

घरी आलो त आई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यापाशी खाली बसलो, गुडघा कुरकुरला, अन् रायपूरची सगळी गोष्ट सांगितली. आईले नवल वाटलंच नाही. तिनं ताटातला एक खडा काढून फेकला.

"तुह्या बाबाले भी असंच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मंग थांबत थांबत तिनं सांगितलं. ताईचा बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या रविवारी बाबा अल्बम घेऊन रायपूरले गेले होते. कोणाले न सांगता, फक्त आईले. पूर्ण भरवसा होता त्यायचा, म्हणून त्याच्या आधीच जवळचे सगळे पैसे कोहक्याच्या ठेकेदाराले देऊन बसले होते. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, जेवले, अन् झोपताना आईले बोलले की ज्यायले कुंकू लावलं तेच खराब झाले, बाकीच्याले काही किंमत नाही. अन् आईच्या हातावर हात ठेवून वचन घेतलं की पोरीले सांगायचं नाही. कधीच नाही.

"तू भी सांगू नको," आई म्हणाली. "त्यायनं नाही सांगितलं, आपण कोण सांगणारे?"

मी हो म्हटलं. बाबा जन्मभर पोरीचा राग डोक्यावर घेऊन आमच्याच घरात जेवले-झोपले, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, अन् मी बाजूच्या खोलीत राहून मले पत्ता नाही. त्या रात्री मले झोप आली नाही, पण ते जाऊ द्या. पिशवी मी कपाटात चादरींच्या खाली घालून ठेवली अन् ठरवलं, ताई मले चोर समजली त समजू दे. बाबानं एवढं केलं, मी थोडं करीन.

ताई पैसे घ्यायले आली ते रविवारी, दुपारच्या गाडीनं. घरात जिकडेतिकडे खोके, बसायले एक पलंग अन् एक खुर्ची. ती आईच्या पायाशी बसली, आईचे पाय दाबले, तब्येत विचारली. बायको चहा ठेवायले गेली. मी पैशाचं पाकीट ताईच्या हातात दिलं. तिनं उघडून पाहिलं, मंग माह्याकडे पाहिलं, मंग पुन्हा पाकिटात पाहिलं.

"एवढेच?"

मी म्हटलं, एवढेच आले, जुन्या कागदाले कोण विचारते आजकाल. तिनं पाकीट बंद करून मांडीवर ठेवलं. ओरडली नाही, काही नाही. ओरडली असती त बरं झालं असतं. ती नुसती हसली अन् म्हणाली, "शोभतो बापाचा पोरगा."

मले चोर म्हणाली असती, मी गिळलं असतं, तेवढी तयारी केली होती. पण बापाचं नाव? मी उठलो, कपाट उघडलं, चादरी खाली पाडल्या, पिशवी आणली अन् तिच्यासमोर पलंगावर उलटी केली. म्हटलं, घे, हे भारी भारी तिकिटं, हे कोणी घेतले नाहीत, घे पाहून कावून घेतले नाहीत. बाबानं जन्मभर तोंड शिवून ठेवलं, माह्याकडून एक चहा होईपर्यंत नाही झालं.

बोललो अन् लगेच हात कपाळाले लावला. आईनं डोळे मिटले होते.

ताईनं एक तिकीट उचललं. मंग दुसरं. पलंगावर पसरले होते, रशियाचे, पोलंडचे, एका घोड्याचं, एका फुलाचं, अन् सगळ्यांच्या कपाळी कुंकू. सुरुवातीच्या वर्षांचे डाग मोठे, फासलेले. पुढच्या वर्षांचे लहान, नीट, गोल. तिनं आपली अनामिका एका डागापाशी नेली, पण टेकवली नाही. बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"हे बाबाले माहीत होतं?" ताईनं आईले विचारलं.

आई म्हणाली, माहीत होतं, तुह्या निकालानंतर रायपूरले नेले होते त्यायनं.

"मंग मले सांगितलं कावून नाही?"

"तू रडली असती, बाई."

"रडली त मी तशीही, आई," ताई म्हणाली. "बाबाच्या नावानं रडली. इतकी वर्षं."

आईनं तिच्या हातावरून हात फिरवला. "हो. सोताच्या नावानं रडू नये म्हणून."

ताई रडली नाही. तिनं तिकिटं एक एक करून पिशवीत भरली, पिशवी पर्समध्ये ठेवली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं अन् येऊन थंड झालेला चहा पिऊन टाकला. बायको म्हणत होती, गरम करून देते, तिनं ऐकलं नाही. पैशाचं पाकीट पलंगावरच राहिलं होतं, मी ते तिच्यापुढं केलं त तिनं आईच्या उशाखाली सरकवलं. मी तिले सॉरी म्हणणार होतो, बोलण्याबद्दल. पण आमच्या घरात ते कोणी कोणाले म्हटलेलं नाही, मलेही जमलं नाही.

उन्हं उतरल्यावर तिची गाडीची वेळ झाली. मी स्कूटर काढली. ती मागे बसली, आईले 'येते' म्हणाली. चौकातून मी स्टेशनकडे वळवणार, त तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला.

"ते कोहक्याचं घर कुठं हाय?" तिनं विचारलं. "तिकडून घे."

मी म्हटलं, ताई, गाडी सुटेल. ती म्हणाली, मांगून आणखी एक आहे.

कोहक्याचं घर तेव्हा रिकामंच होतं. किरायदार गेलेले, भिंतींले चुना लावलेला, बल्ब नव्हते. मी कुलूप उघडलं. ताई पायरीजवळ थांबली. वर स्लॅबकडे पाहिलं. मले वाटलं, इथूनच परत फिरेल, अन् फिरली असती त मी काही म्हणणार नव्हतो, माह्यात आता काही म्हणायचा दम उरला नव्हता. पण तिनं चपला काढल्या, बाजूले सरकवून ठेवल्या अन् आत गेली.

समोरची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, नळ सोडून पाहिला. मंग विचारलं, आईले कोणती खोली देणार? मी मागची दाखवली. तिथं ती खिडकीपाशी उभी राहिली, तावदान ढकलून पाहिलं, बाहेर शेजारच्यांची बुटकी भिंत, वर पूर्वेचं आभाळ.

"सकाळचं ऊन सरळ डोळ्यावर येईल तिच्या," ताई म्हणाली. "दिवाळीले येईन तेव्हा पडदा शिवून आणते. माप घेऊन ठेव."